कातर रे भाजी : आबे फारिया आणि संमोहनाची गोष्ट

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त, चंदीगड परिसरात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या मेळाव्यात डेराबस्सी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पणजीला मांडवीच्या काठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याला लागून एक ब्राँझचा पुतळा उभा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री पुढे झुकला आहे, त्याचे हात समोर पसरले आहेत आणि त्या हातांखाली एक स्त्री मागे कलंडते आहे. गोव्याच्या सहलीला गेलेली शाळकरी मुले हा पुतळा पाहून हटकून थबकतात. कोणी म्हणते, हा जादूगार असावा. कोणी म्हणते, भूत उतरवतो आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभारला गेला. तो आहे जुझे कुश्तोदियु द फारिया यांचा, जग ज्यांना आबे फारिया या नावाने ओळखते त्यांचा. आबे म्हणजे फ्रेंच भाषेत पाद्री.

पुतळा देखणा आहे, यात शंका नाही. मात्र त्यात एक मोठी विसंगती आहे. त्या पसरलेल्या बोटांतून काहीतरी निघते आणि त्या स्त्रीला झोपवते, असे पाहणाऱ्याला वाटते. फारियांनी आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली ती नेमके याच्या उलट सांगण्यासाठी. झोपवणाऱ्याच्या हातात काहीही नसते. जे काही असते ते झोपणाऱ्यातच असते, हे त्यांचे म्हणणे होते. संमोहनाच्या इतिहासात इतक्या स्पष्टपणे ते मांडणारे पहिले मोठे नाव बार्देशातल्या कांदोळी गावचे आहे.

मे १७५६ मध्ये कांदोळीला त्यांचा जन्म झाला. घराणे धर्मांतरित सारस्वतांचे. वडील कायतान व्हितोरिनो आणि आई रोझा मारिया यांचे पटले नाही. दोघे विभक्त झाले. वडिलांनी पाद्रीपदाची दीक्षा घेतली, आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील १७७१ साली लिस्बनला गेले. पुढे मुलाचे शिक्षण रोममध्ये झाले आणि १७८० साली तो तिथेच पाद्री झाला.

यानंतरची गोष्ट आख्यायिका आहे. तिला कागदोपत्री आधार शोधू नये. तरुण फारियांना पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्याचा मान मिळाला. व्यासपीठावर चढल्यावर समोरचा तो जरतारी दरबार पाहून त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. एक शब्द फुटेना. व्यासपीठाजवळ उभ्या असलेल्या वडिलांनी हलक्या आवाजात आपल्या भाषेत सांगितले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी.' हे सगळे पालेभाजीसारखे आहेत, काप बिनधास्त. क्षणात भीती गेली आणि प्रवचन धो धो सुरू झाले. दोन शब्दांनी हे कसे घडले, हा प्रश्न त्या तरुणाच्या मनात घर करून राहिला, असे गोव्यात आजही सांगतात. हे वाक्य समजायला मराठी माणसाला दुभाष्या लागत नाही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ज्यांचे पाय लटपटले आहेत, त्यांना तर अर्थही सांगावा लागणार नाही.

१७८७ साली गोव्यात पिंटोंचे बंड उघडकीला आले. वरच्या जागा गोमंतकीय पाद्र्यांना नाकारल्या जात होत्या, तो त्या असंतोषाचा एक मोठा धागा होता. पंधरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली. बंडातल्या काही पाद्र्यांचे लिस्बनमध्ये फारिया पितापुत्रांकडे जाणेयेणे होते, त्यामुळे संशयाची सुई इकडेही वळली. १७८८ साली जुझे कुश्तोदियु पॅरिसला आले आणि वर्षभरात फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला. हा गोव्याचा पाद्री त्या धामधुमीतही बाजूला राहिला नाही. १७९५ च्या ऑक्टोबरात सत्ताधारी कन्व्हेन्शनविरुद्ध झालेल्या उठावात त्याने एका तुकडीचे नेतृत्व केले.

त्या काळच्या पॅरिसमध्ये संमोहन हा शब्द नव्हता. होते ते मेस्मेरचे 'प्राणिज चुंबकत्व'. व्हिएन्नाहून १७७८ साली आलेल्या फ्रान्झ मेस्मेर या वैद्याचा सिद्धान्त असा, की साऱ्या विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून आहे, तो शरीरात अडला की रोग होतो आणि वैद्याने हात फिरवून तो मोकळा केला की रोग जातो. त्याच्या दिवाणखान्यात एक मोठे लाकडी पिंप असे, त्यातून लोखंडी कांबी बाहेर आलेल्या असत; रुग्ण त्या दुखऱ्या भागाला लावून बसत. मंद प्रकाश, संगीत, मेस्मेरचा रेशमी झगा. थोड्याच वेळात कोणी किंचाळे, कोणी थरथरे, कोणी बेशुद्ध पडे.

१७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांचा एक प्रयोग आजच्या विज्ञानशिक्षकांनीही वर्गात सांगावा असा आहे. फ्रँकलिन यांच्या बागेतले एक झाड मेस्मेरच्या शिष्याने 'भारून' ठेवले. मग बारा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला एकेका झाडाला मिठी मारायला लावली. पहिल्या झाडापाशी त्याला घाम आला, पुढच्यापाशी गुंगी वाढली आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. गंमत अशी, की यांतले एकही झाड भारलेले नव्हते. भारलेले झाड दूरच होते. समितीने निष्कर्ष काढला की द्रव वगैरे काही नाही, ही केवळ कल्पनाशक्ती आहे. निष्कर्ष बरोबरच होता. पण 'केवळ' या शब्दापाशी समिती थांबली. बारा वर्षांच्या मुलाला झाडापाशी बेशुद्ध पाडू शकणारी ही कल्पनाशक्ती आहे तरी काय, हा प्रश्न तिने विचारला नाही. तो फारियांनी विचारला.

त्याच वर्षी मार्क्विस द प्युइसेग्युर या सरदाराने आपल्या व्हिक्टर नावाच्या शेतकरी कुळावर हात फिरवले, तेव्हा तो किंचाळला नाही, शांतपणे झोपल्यासारखा झाला आणि त्या झोपेतच नीट बोलू लागला. फारियांची या प्युइसेग्युरशी ओळख झाली आणि विषयाची गोडी लागली. मार्सेयमध्ये काही काळ तत्त्वज्ञान शिकवून ते पॅरिसला परतले आणि १८१३ साली क्लिशी रस्त्यावर त्यांनी जाहीर प्रयोग सुरू केले. प्रवेशमूल्य ५ फ्रँक. फ्रेंच उच्चार गोव्याच्या वळणाचा, रंग सावळा, अंगकाठी उंच. पॅरिसच्या उच्चभ्रू स्त्रिया गर्दी करू लागल्या.

त्यांची पद्धत आश्चर्य वाटावे इतकी साधी होती. पिंप नाही, कांबी नाहीत, अंगावरून हात फिरवणे नाही. माणसाला आरामखुर्चीत बसवायचे. डोळे मिटायला सांगायचे, मन गोळा करून झोपेचाच विचार करायला सांगायचे. खोलीत शांतता. तो स्थिर झाला असे दिसले की ठाम आवाजात एकच शब्द, 'दोर्मे!' म्हणजे 'झोपा!' लागली तंद्री तर लागली. नाहीतर तीनचार वेळा म्हणून पाहायचे आणि तरीही काही झाले नाही तर त्या माणसाला सोडून द्यायचे. काहींसाठी दुसरी रीत होती. उघडा तळवा थोड्या अंतरावर धरायचा, त्याकडे टक लावायला सांगायचे आणि तो हळूहळू डोळ्यांजवळ न्यायचा. तंद्रीतल्या माणसाला पाणी देऊन ते मद्य आहे असे सांगितले तर त्याला मद्याची चव येई; हात जड झाला म्हटले तर हात उचलत नसे. जागे झाल्यावरही काही सूचना टिकून राहत.

या अवस्थेला फारियांनी 'सजग निद्रा' या अर्थाचे नाव दिले आणि तिचे कारण म्हणून 'एकाग्रता' हा शब्द वापरला. झोपवणाऱ्यालाही त्यांनी चुंबकवाला म्हटले नाही, एकाग्र करवणारा म्हटले. या शब्दात काहींना भारतीय ध्यानपरंपरेचा वारसा दिसतो. पंधराव्या वर्षी गोवा सोडलेल्या, पाद्र्याच्या घरात वाढलेल्या मुलाने तो किती सोबत नेला असेल, हे सांगणे अवघड आहे. अभिमानापोटी तेवढी उडी मारू नये. त्यांचे सगळेच बरोबर होते असेही नव्हे. ज्याचे रक्त पातळ त्याला तंद्री लवकर लागते, अशी त्यांची समजूत होती आणि ती साफ चुकीची ठरली. पण मुख्य मुद्द्यावर ते अढळ राहिले. कोणी तुम्हाला झोपवत नाही. तुम्हाला झोप लागते.

इथे मराठी भाषेकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. झोप लागते, डोळा लागतो, तंद्री लागते, ध्यान लागते, समाधी लागते, ब्रह्मानंदी टाळी लागते. या सगळ्या अवस्थांसाठी मराठीने एकच क्रियापद राखून ठेवले आहे आणि त्या क्रियापदाला कर्ता माणूस नाही. 'त्याने झोप केली' असे कोणी म्हणत नाही. दुसरीकडे 'मोहिनी घातली', 'भूल घातली', 'वश केले' या शब्दप्रयोगांत करणारा वेगळा, सोसणारा वेगळा. मेस्मेर आणि फारिया यांच्यातला सारा वाद या दोन प्रकारच्या क्रियापदांत मावतो.

फारियांच्या नशिबी मात्र टिंगलच आली. एका नटाने म्हणे तंद्रीचे सोंग घेऊन भर सभेत डोळे उघडले आणि आपण फसवल्याचे जाहीर केले. १८१६ साली त्यांची खिल्ली उडवणारे प्रहसन रंगभूमीवर आले. धर्माधिकाऱ्यांना हे सैतानाचे काम वाटे, तर चुंबकत्ववाल्यांना हा माणूस त्यांच्या पोटावर पाय देणारा. प्रयोग बंद पडले. फारिया एका मुलींच्या शिक्षणसंस्थेत धर्मगुरू म्हणून राहिले आणि तिथे त्यांनी आपला ग्रंथ लिहिला. चार खंड योजले होते. पहिला १८१९ साली निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. पॅरिसमध्ये त्यांची कबर कुठे आहे ते कुणाला दाखवता येत नाही. पुढे आलेक्झांद्र द्युमा यांनी 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीत तुरुंगातला विद्वान पाद्री रंगवताना त्याला हे नाव दिले. लाखो वाचकांना फारिया माहीत आहेत ते या काल्पनिक, आणि तेही इटालियन, रूपात.

विचार मात्र मेला नाही. फारियांचे प्रयोग पाहिलेल्या नुआझे या लष्करी अधिकाऱ्याने ते लिहून ठेवले. पुढे फ्रान्समधल्या नान्सी गावी लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेवर उभारलेली उपचारपद्धती रूढ केली आणि फारियांचे श्रेय त्यांना दिले. मधल्या काळात, १८४३ साली, मँचेस्टरचे जेम्स ब्रेड यांनी निद्रेच्या ग्रीक देवतेवरून 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केले. ते चकचकीत वस्तू डोळ्यांच्या किंचित वर धरत आणि तिच्याकडे एकटक पाहायला लावत.

आपल्या देशातही याच सुमारास एक विलक्षण प्रकरण घडले. बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने ४ एप्रिल १८४५ रोजी अंडवृद्धीने पिडलेल्या एका कैद्यावर मेस्मेरच्या रीतीने गुंगी आणून पाहिली आणि वेदनेची जाणीव जवळजवळ नाहीशी झाल्याचे त्याला आढळले. त्यानंतर त्याने शेकडो शस्त्रक्रिया अशा केल्या. सरकारने समिती नेमली, १८४६ मध्ये कलकत्त्यात खास रुग्णालय निघाले. रुग्णाच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवण्याचे कष्टाचे काम एस्डेलचे हिंदी सहायक करत. इतिहासात नाव राहिले ते साहेबाचे. पाठोपाठ इथर आणि क्लोरोफॉर्म आले. तासाभराची गुंगी दोन मिनिटांत, आणि तीही कोणालाही आणता येऊ लागल्यावर संमोहन शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडले. त्यात कोणाचे कारस्थान नव्हते. क्लोरोफॉर्म अधिक भरवशाचे होते, इतकेच.

मग तंद्री लागते कशी? घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. दोऱ्याला अंगठी बांधावी, कोपर टेबलावर टेकून दोरा चिमटीत धरावा आणि हात अजिबात हलवायचा नाही असे ठरवून अंगठी गोल फिरते आहे अशी केवळ कल्पना करावी. मिनिटाभरात बहुतेकांच्या हातातली अंगठी फिरू लागते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३३ साली याचा उलगडा प्रसिद्ध केला. कल्पनेपाठोपाठ स्नायू इतके सूक्ष्म हलतात की हलवणाऱ्याला ते कळत नाही. वसतिगृहात रात्री प्लँचेटवर वाटी फिरवून ज्यांनी परीक्षेचे निकाल विचारले असतील, त्यांनी बोलावलेला आत्मा तो हाच.

संमोहन करणारा याच सूक्ष्म दुव्यावर एकेक पायरी चढतो. डोळ्यांच्या वर धरलेल्या बिंदूकडे पाहत राहिले की डोळ्यांचे स्नायू थकणारच. तो म्हणतो, 'डोळे जड होत आहेत.' ऐकणाऱ्याला वाटते, खरेच की, याने म्हटले आणि तसे झाले. पुढची सूचना थोडी कमी खात्रीची, त्यापुढची त्याहून कमी. आधी जे होणारच आहे ते सांगायचे आणि मग जे होऊ शकेल ते. पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सैल सोडायला लावणे, उलटे अंक मोजायला लावणे, जिना उतरतो आहोत अशी कल्पना करायला लावणे, हात फुग्यासारखा हलका होऊन वर चालला आहे असे सांगणे, या साऱ्या रीती वरून वेगळ्या दिसल्या तरी आत एकच काम करतात. लक्ष एका ठिकाणी अरुंद होते, भोवतालचे जग मागे सरते आणि 'मी हे करतो आहे' ही जाणीव ढिली पडते. ही झोप नव्हे. मेंदूचे विद्युतलेखन तपासले तर संमोहित माणसाचा मेंदू झोपलेल्यासारखा नसतो, जाग्यासारखाच असतो. फारियांनी 'सजग' हे विशेषण उगीच लावले नव्हते.

तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन, एका लयीत थोपटत, त्याच त्या चार शब्दांची अंगाई म्हणणाऱ्या आजीला ही विद्या कोणी शिकवलेली नसते. मंद उजेड, एकसुरी लय, ओळखीचा आवाज आणि आता झोप येणार ही अपेक्षा. फारियांच्या दिवाणखान्यातही याहून फार काही नव्हते.

लय वाढवली तर याच्या उलट टोकाची तंद्री लागते. वारीत टाळ-पखवाजाच्या गजरात पावली खेळणारा वारकरी तहानभूक विसरतो. संबळ आणि हलगीच्या कडकडाटात देवीपुढे केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाईच्या 'अंगात वारं येतं'. डेराबस्सीहून पंचकुल्याच्या मनसादेवीला नवरात्रात जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी इकडच्या जागरणातही हे पाहिले असेल. ढोलकी द्रुत झाली की एखादी स्त्री डोके घुमवू लागते. इथले लोक म्हणतात, माता 'खेळते' आहे, 'पवन' आली. सातशे कोसांवरच्या दोन लोकपरंपरांनी त्या अवस्थेला एकच नाव द्यावे, वारा म्हणून, हे मोठे हृद्य आहे. वारा दिसत नाही, कोणी आणत नाही, येतो.

अंगात येणाऱ्या प्रत्येक बाईला ढोंगी म्हणणे हा शहाणपणाचा उतावळेपणा होय. ज्या सुनेचे घरात कोणी ऐकत नाही, तिच्या तोंडून देवी बोलू लागली की सासराही हात जोडतो. तिला त्या घटकेपुरती वाचा मिळते. पण त्या अवस्थेच्या जिवावर कोणी दुसऱ्याला धमकावू लागला, औषधोपचार थांबवायला सांगू लागला, पैसे उकळू लागला, की प्रकरण श्रद्धेचे राहत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा भक्तीला हात लावत नाही. अतींद्रिय शक्तीच्या दाव्याने भीती घालणे आणि फसवणे यांना तो गुन्हा ठरवतो. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. मुलाचे अचानक हरवल्यासारखे टक लावून पाहणे, अंग ताठणे, प्रसंग संपल्यावर काही न आठवणे, ही फेफऱ्याची लक्षणे असू शकतात. ती मांत्रिकाकडे नेण्याची बाब नाही, तशीच संमोहनवाल्याकडे नेण्याचीही नाही. तिथे मेंदूविकाराचा डॉक्टर हवा.

सर्वांना सारखी तंद्री लागत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहोफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ साली यासाठी मोजपट्टी तयार केली. सुमारे दहापंधरा टक्के लोक फार सहज तंद्रीत जातात, साधारण तितकेच जवळजवळ जात नाहीत, उरलेले अधेमध्ये. तीच माणसे पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासली तेव्हाही त्यांचे गुण फारसे बदलले नव्हते. म्हणजे हा स्वभावाचा भाग आहे; मनाचा दुबळेपणा नव्हे. पुस्तकात बुडाल्यावर हाक ऐकू न येणारी मुले यांत अधिक सापडतात, असे अभ्यासक सांगतात. स्नेहसंमेलनात जे जाहीर प्रयोग होतात त्यांचे रहस्यही इथेच आहे. सुरुवातीला सगळ्या प्रेक्षकांना बोटे गुंफायला सांगतात आणि 'आता सुटणार नाहीत' म्हणतात. ज्यांची खरोखर सुटत नाहीत त्यांनाच मंचावर बोलावतात. निवड तिथेच होऊन गेलेली असते. पुढचे काम गर्दीच्या टाळ्या आणि मंचावरचा संकोच करतात.

रस्त्यावरच्या फसवणुकीबद्दलही थोडे स्पष्ट बोलावे लागेल, कारण ती चंदीगडच्या बाजारातही ऐकू येते आणि पुण्याच्या पेठेतही. दोघेतिघे गोड बोलत येतात, 'माताजी' किंवा 'मावशी' म्हणतात, पुढे खून झाला आहे, दागिने काढून पुडीत ठेवा म्हणतात. घरी आल्यावर पुडीत खडे निघतात आणि घरचे म्हणतात, हिला संमोहित केले. एका कटाक्षाने कोणाची इच्छाशक्ती काढून घेण्याची विद्या अस्तित्वात नाही. १९६५ साली ऑर्न आणि इव्हान्स यांनी संमोहित लोकांना विषारी साप उचलायला, आम्लात हात घालायला सांगितले. अर्थात इजा होणार नाही अशी आतून व्यवस्था होती. बहुतेकांनी ते केले. पण संमोहनाचे नुसते सोंग घ्यायला सांगितलेल्यांनीही तितक्याच तयारीने केले. प्रयोगशाळेतले लोक आपले वाईट होऊ देणार नाहीत, हा विश्वास दोघांनाही होता. रस्त्यावर हेच घडते. भीती, घाई, आदराची हाक आणि अधिकाराचा आव यांपुढे भला माणूस मान तुकवतो. त्या बाईला मूर्ख म्हणू नये आणि चोराला सिद्धपुरुषही म्हणू नये. पहिल्याने ती तक्रार करायला लाजते, दुसऱ्याने घरचे तक्रार करण्यातच अर्थ नाही असे समजतात, आणि चोर पुढच्या गल्लीत जातो.

आता पालकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. संमोहनाने स्मरणशक्ती वाढवून देतो, मुलाला नव्वद टक्क्यांच्या पुढे नेतो, अशा जाहिराती सुट्टी लागली की झळकू लागतात. त्यांच्या जोडीला डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्गही आहेत. नाकाशेजारच्या फटीतून खाली पाहणे ही त्यातली सगळी विद्या. संमोहनात आठवणी अधिक अचूक होतात, याला पुरावा नाही. उलट, संमोहित माणूस अधिक गोष्टी सांगतो, त्यांत चुकीच्याही असतात आणि त्या चुकीच्या गोष्टींबद्दलची त्याची खात्री वाढते. न्यायालयाच्या साक्षीसाठी ही पद्धत धोक्याची मानतात ती याच कारणाने. ज्याने धडा वाचलेला नाही त्याला तंद्रीतही तो आठवणार नाही. परीक्षेच्या भीतीने हातपाय गार पडणाऱ्या, आलेले विसरणाऱ्या मुलाला मात्र प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाच्या हातून या तंत्राचा उपयोग होऊ शकतो. तिथे वाढते ती स्मरणशक्ती नव्हे, कमी होते ती धडधड.

खरा उपयोग दिसला आहे तो वेदनेच्या बाबतीत. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एल्विरा लँग आणि सहकाऱ्यांचा २४१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तवाहिन्यांत वा मूत्रपिंडात नळी घालण्याच्या प्रक्रिया चालू असताना एका गटाला फक्त नेहमीची काळजी मिळाली, दुसऱ्याकडे कोणीतरी आपुलकीने लक्ष दिले आणि तिसऱ्याला त्याबरोबर स्वसंमोहनाने शिथिल व्हायला मदत केली. पहिल्या गटाला सरासरी ७८ मिनिटे लागली, दुसऱ्याला ६७, तिसऱ्याला ६१. नुसते कोणी आपुलकीने जवळ बसल्याने ११ मिनिटे कमी झाली, हा आकडा दोनदा वाचावा असा आहे. १९९७ साली माँट्रियलच्या संशोधकांनी मेंदूची चित्रे घेऊन दाखवले की संमोहनातल्या सूचनेने वेदनेचा त्रासदायकपणा कमीजास्त होतो, तेव्हा मेंदूतल्या संबंधित भागाची हालचालही त्याबरहुकूम बदलते. म्हणजे रुग्ण केवळ शिष्टाचार म्हणून 'बरे वाटते' म्हणत नाही.

असा तज्ज्ञ निवडायचा झाला तर कसोटी सोपी आहे. तो मूळचा डॉक्टर, दंतवैद्य वा मानसशास्त्रज्ञ असावा. संमोहनाशिवायही त्या आजारावर उपचार करता येण्याइतके त्याचे शिक्षण असावे. मूल असेल तर पालकांना खोलीबाहेर घालवण्याचा आग्रह त्याने धरू नये. आणि पहिल्याच भेटीत त्याने मुलाला सांगावे की नको वाटले तर तू केव्हाही डोळे उघडू शकतोस. दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या नऊदहा वर्षांच्या मुलाला चांगला दंतवैद्य विचारतो, तुला क्रिकेट आवडते ना, आता तू वानखेडेवर आहेस, किती धावा झाल्या ते मला सांग. मूल मनात फलंदाजी करू लागते, सुई टोचली जाते, आणि मूल म्हणते, अजून चौदाच झाल्या.